घरचे मागून बसतील

श्रूजबरी,
२७ जानेवारी १९८६

प्रिय सुलू,

आज सोमवार आहे आणि मी लायब्ररीत 'बरं नाही' असं कळवून घरी बसले आहे. फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलाय. सकाळपासून आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांचे फोन येत होते आणि प्रत्येकाला माझ्या भल्यासाठीच चार शब्द ऐकवायचे होते. तुझे भावोजी कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. मी केलेला चहा मात्र पिऊन गेले, म्हणजे अगदीच टोकाला गेलेलं नाही.

तुझ्या दवाखान्याला दरवर्षी इथल्या ज्या चर्चकडून मदत येते, त्या चर्चची वार्षिक सभा काल झाली. यंदाची मदत तुझ्याकडे पाठवायची, की चर्चच्या तळघरात झोपणाऱ्या बेघर सैनिकांसाठी इथेच ठेवायची, हा सभेपुढचा प्रश्न होता. त्या सभेत मी बोलले. चर्चचं रीतसर पत्र तुला येईलच, पण त्याच्या आधी माझं पोचावं म्हणून घाईने लिहायला बसले आहे. काय ठरलं ते ओळीनेच सांगणार. मधली पानं उडवून शेवट आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, कृपा करून या वेळी तसं करू नकोस.

हे चर्च कुठलं ते तुला ठाऊक आहे. आमचं मंडळ गणपतीला आणि संक्रांतीला त्यांचा हॉल भाड्याने घेतं. पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतीवर एक जुना फोटो दिसला, नऊवारी नेसलेल्या नर्सेस आणि मधोमध हॅट घातलेली मड्डम, आणि खाली लिहिलेलं 'अहमदनगर जिल्हा'. पत्रावळींचा गठ्ठा हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले होते. मी तुला कळवलं, तर तू लिहिलंस की तोच फोटो तुझ्या ओपीडीतही आहे, फक्त तुमच्या फोटोतली मड्डम वाळवीने खाल्ली. या चर्चमधल्या बायकांनीच शंभरएक वर्षांपूर्वी तुझा दवाखाना काढून दिला आणि अजूनही वर्षाची एक वर्गणी ते तुमच्यासाठी गोळा करतात.

तळघराची गोष्ट मात्र मी तुला कधी लिहिली नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून तिथे व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेली माणसं झोपतात. आपल्याकडे माजी सैनिक म्हटलं की पिळदार मिशा, पेन्शन आणि बँकेच्या दारातली बंदूक असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथले हे लोक तुझ्या वयाचे आहेत. कुणाची बायको सोडून गेली, कुणाचा कारखाना बंद पडला, कुणी पितं, कुणी आवाज झाला की टेबलाखाली जातं. वर्सेस्टरच्या पुलाखाली थंडीत झोपायचे, म्हणून पास्टरनी त्यांना आत घेतलं, खाटा टाकल्या, सूप सुरू केलं. आणि यंदा डिसेंबरात तळघर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. आगीच्या बंबवाल्यांचा माणूस येऊन बघून गेला. नवा बॉयलर आणि बाहेर पडायला दुसरं दार झाल्याशिवाय जानेवारीअखेरीनंतर इथे कोणी झोपायचं नाही, असं बजावून गेला. इथली थंडी तुला पत्रात कशी सांगू? नाकातला श्वाससुद्धा टोचतो.

त्यातल्या एकाला मी आधीपासून ओळखत होते. रे त्याचं नाव. दिवसा तळघर बंद असतं, तेव्हा तो आमच्या लायब्ररीत येऊन बसतो. उबेसाठी येतो, पण फुकट बसल्यासारखं वाटू नये म्हणून पेपर वाचतो, आणि वाचता वाचता पेपरवर डाफरतो. वॉशिंग्टनात सगळ्याच खर्चाला कात्री लावायचं चाललंय, त्यामुळे डाफरायला रोज काहीतरी मिळतं. गेल्या वर्षी इथिओपियाच्या दुष्काळाचे फोटो यायचे, ती वाळकी मुलं, धान्याची पोती. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "जहाजं भरून गहू बाहेर पाठवतायत आणि इथे मला एक खाट मिळत नाही." मग माझ्या कुंकवाकडे बघून म्हणाला, "तू इंडियातली ना? तुम्हालाही आम्हीच गहू पाठवला होता." सुलू, मला असा राग आला! म्हटलं, "पाठवला होता खरा. रेशनवर मिळायचा. मी पुष्कळ खाल्लाय. पोळ्या धड होत नव्हत्या त्याच्या, लाटताना तुटायच्या." तो इतक्या मोठ्याने हसला की सगळ्यांनी वळून पाहिलं. तेव्हापासून आमची ओळख झाली. त्या गव्हाबद्दल तक्रार करणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं म्हणे.

पण त्याचं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. इथे आता पुष्कळ लोक तेच म्हणतात. आपल्याकडची म्हण त्यांना ठाऊक नाही, नाहीतर तीच म्हणाले असते, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. म्हण आपण लहानपणापासून म्हणत आलो, पण त्यातलं घोडं आपणच असू असं कधी वाटलं नव्हतं. तुझ्या भावोजींना विचारलं तर म्हणाले, मी टॅक्स भरतो, पुढचं सरकार बघेल. त्यांचं सगळं असं सरळ असतं.

आता संक्रांतीचं ऐक. परवाच्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू आणि जेवण त्याच हॉलमध्ये होतं. सकाळपासून वर मसालेभाताच्या फोडण्या चाललेल्या, गुळाच्या पोळ्या तव्यावर, आणि तो सगळा वास जिन्यावरून खाली तळघरात जात होता. बाहेर थंडी फारच कडक असल्यामुळे त्या दिवशी पास्टरनी त्यांना दिवसाही आत राहू दिलं होतं. श्रीरामभाऊंनाच ते बरं वाटेना. श्रीरामभाऊ म्हणजे आमचे अध्यक्ष, इथे सगळ्यांत आधी आलेले, स्वभावाने उदार आणि भाषणाने त्याहून उदार. ते म्हणाले, "आपण वर गोडधोड करायचं आणि खाली माणसं सूप पिणार? नो वे. इन्व्हाइट देम." बायकांनी लगेच पोळ्यांची कणीक वाढवली. सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं.

आपण त्यांना आपल्या रीतीने बसवलं. लांब टेबलं मांडली, पानापुढे रांगोळीची एक एक रेघ ओढली, पहिल्या पंगतीला फक्त ते पाहुणे. आणि आपण सगळे उभे. पुरुष वाढायला, बायका पातेली धरून मागे, पोरं पाण्याचे जग घेऊन. श्रीरामभाऊ स्वतः आग्रह करत फिरत होते, अजून एक, अजून एक. ती माणसं खाली मान घालून जेवत होती. आमची विनीता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, इट्स सो वीअर्ड. यू आर ऑल जस्ट स्टँडिंग देअर वॉचिंग देम ईट." मी तिला दटावलं. म्हटलं, पाहुण्यांचा मान असतो तो, घरचे मागून बसतात. पण तिने सांगितल्यावर मला ते दिसायला लागलं. एकेक जण ताट उचलून गुपचूप जिना उतरून खाली चालला होता. एवढी माणसं डोक्यावर उभी राहून बघत असताना घास कसा उतरणार? वर्षभर त्यांनी तेच सोसलंय, कुणीतरी पलीकडे उभं राहून वाढतं आणि ते खातात. आम्ही त्यांना चर्चच्या सूपपेक्षा वेगळं काही द्यायला निघालो होतो आणि तेच दिलं, फक्त तूप घालून.

रे उठला नाही. त्याने चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुम्ही कधी जेवणार?" मी म्हटलं, आमच्यात पाहुणे आधी, घरचे शेवटी. तो म्हणाला, "सैन्यात आमचा लेफ्टनंटही शेवटी जेवायचा. पण भांड्यात किती उरलंय ते तो आधी बघायचा. तू बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. पातेलं माझ्याच हातात होतं आणि त्यात तळाशी करपलेला भात होता. त्याने शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली आणि म्हणाला, बस. सुलू, पाहुण्यांच्या पंगतीला, मंडळातल्या सगळ्या पुरुषांच्या आधी मी बसले. श्रीरामभाऊ तुपाचं भांडं धरून तसेच उभे राहिले आणि तुझे भावोजी छताकडे बघायला लागले. मागे कुणीतरी बाई "हौस बघा" असं म्हणाली तेही ऐकलं. गुळाची पोळी मात्र गरम होती आणि मी ती पूर्ण खाल्ली. घरच्या बायकांना शेवटी काही उरलं नाही, पिझ्झा मागवला.

दोनच दिवसांनी पास्टर लायब्ररीत आले. वर्गणीचा प्रश्न वार्षिक सभेत येणार होता आणि त्या दवाखान्याशी संबंध असलेली त्यांच्या ओळखीची मी एकटी, म्हणून मी येऊन बोलावं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर माझी सख्खी बहीण आहे हे त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, म्हणूनच विचारतोय. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ एकाच पुस्तकावर शिक्का मारत बसले होते. तुझं डिसेंबरचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं. पाऊस नाही, विहीर आटली, टँकर येतो तेव्हा येतो, एकेका खाटेवर दोन दोन मुलं, पाय सुजलेली, दूध पाजलं तर पोटात ठरत नाही. ते पत्र मी वाचलं की मला वाटायचं, सगळं तिकडेच जाऊ दे. आणि मग समोर पेपरच्या आड रे बसलेला दिसायचा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

शेवटी मी त्यालाच विचारलं. मला वाटतं, मनातून मी अशी आशा धरून बसले होते की तो म्हणेल, मुलांना द्या, आमचं काय. म्हणजे मी सुटले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि फार शांतपणे म्हणाला, "मला विचारशील तर मी घेईन. मला तो बॉयलर हवाय. ज्याला थंडी वाजतेय त्याच्याकडून मोठेपणाची अपेक्षा करू नये, बाई." मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल जितका आदर वाटला तितका आजवर वाटला नव्हता. आपल्या ओळखीत असं सरळ 'मला हवंय' म्हणणारं माणूस कोण होतं, सांग बघू.

काल सभा. संध्याकाळी फुटबॉलची वर्षातली सगळ्यांत मोठी मॅच होती आणि आमच्या भागातला संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता, त्यामुळे सगळ्यांना लवकर उरकायची घाई. मंडळातर्फे श्रीरामभाऊ आणि आम्ही तिघं पाहुणे म्हणून बसलो होतो. मागच्या बाकावर रे आणि तळघरातले आणखी काही. आधी एक म्हातारे गृहस्थ उठले, त्यांचा मुलगा व्हिएतनाममधून आलाच नाही. ते म्हणाले, आधी आपली माणसं, मग जग, आणि बसले. मग एका बाईने तुझं गेल्या वर्षीचं आभाराचं पत्र वाचून दाखवलं. 'आपण जे पाठवाल त्यात आम्ही समाधानी आहोत, परमेश्वर आपलं कल्याण करो.' वाचून ती म्हणाली, बघा, त्यांचं भागतंय, असं त्या स्वतःच म्हणतात. सुलू, तुझं ते गोड इंग्रजी ऐकताना मला तुझे कान धरावेसे वाटले. मला एकटीला लिहायचे सुजलेले पाय आणि त्यांना समाधान! हे कुठलं वाटप?

मग श्रीरामभाऊ उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना दुष्काळाची खरी कळकळ आहे, त्यांचं गाव त्याच पट्ट्यातलं. ते फार सुंदर बोलले. म्हणाले, आमच्या संस्कृतीत पाहुणा देव असतो. घरात कितीही कमी असो, आधी बाहेरचा जेवतो, घरचे मागून बसतात आणि त्यातच त्यांना आनंद असतो. तुमच्या पूर्वजांनी हेच केलं, स्वतःच्या आधी दूरच्या मुलांचा विचार केला. लोकांना ते भिडलं. बायकांनी डोळे पुसले, टाळ्या पडल्या. वारं फिरलं हे स्पष्ट दिसत होतं. आणि सुलू, मला आनंद झाला! मनात म्हटलं, चला, न बोलता काम झालं, सुलूचा वॉर्ड वाचला. मग खजिनदार उठले आणि म्हणाले, खालच्या माणसांची तूर्त दुसरीकडे कुठे सोय होते का पाहू, ती आपलीच माणसं आहेत, ती समजून घेतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे कुणीही वळून पाहिलं नाही.

'घरचे समजून घेतील.' हे वाक्य मी इंग्रजीत पहिल्यांदा ऐकलं. मराठीत ते मी आपल्या स्वयंपाकघराच्या दारात शेकडो वेळा ऐकलंय. मी उभी राहिले. पर्समधलं तुझं पत्र काढायला म्हणून उठले होते, अगदी खरं सांगते. पण तोंडातून निघाली ती आई.

मी त्यांना सांगितलं की श्रीरामभाऊ म्हणतात ती रीत खरी आहे आणि मी त्याच रीतीच्या घरात वाढले. माझे वडील हेडमास्तर होते आणि आमच्या घरून कुणी उपाशी गेलं नाही याचा त्यांना अभिमान होता. इन्स्पेक्टर, व्याख्याते, लांबची पोरं, वाटसरू, रोज कुणी ना कुणी पंगतीला. सगळ्यांची जेवणं झाली की आई आत जायची. आम्ही विचारलं की म्हणायची, आज माझा उपास आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी बोललेला नवस. आम्हाला वाटायचं, आई फार देवभोळी आहे. माझी बहीण डॉक्टरकी शिकत होती, ती सुट्टीत आली आणि एके दिवशी सहज म्हणून तिने आईची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं होतं. बहीण उठून परसात निघून गेली. त्या पावसाळ्यात आईला साधा ताप आला आणि तेवढ्याने ती गेली. दिवसांना आलेला प्रत्येक जण म्हणाला, साक्षात अन्नपूर्णा होती. तू मला विहिरीपाशी नेऊन म्हणालीस, "ताई, अंगात रक्तच नव्हतं गं तिच्या." त्यानंतर आपण दोघी हा विषय कधी बोललो नाही. बाबा असेपर्यंत तर नाहीच, आणि ते गेल्यावरही नाही. जे तुझ्याशी बोलले नाही ते मी काल अनोळखी माणसांसमोर बोलले, याबद्दल तुझ्या जिवाला काय वाटेल याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटते.

मी म्हटलं, पाहुण्याला आधी जेवू घालणं मोठं आहेच. पण घरचा जो मागून बसतो त्याच्यासाठी भांड्यात काय उरलंय ते कुणी बघायचं? तो समजून घेतो असं आपण म्हणतो, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं. तुमचे घरचे आत्ता मागच्या बाकावर बसलेत. त्यांना विचारा. मग खरंच विचारलं गेलं. पास्टरनी रेला उभं केलं आणि त्याने मला सांगितलं होतं तेच शब्दाला शब्द सांगितलं, बॉयलर हवाय, समजून वगैरे घेणार नाही. कुणीतरी नाराजीने चुकचुकलं. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळी वाजवली, एकट्यानेच. मतं झाली. यंदाची वर्गणी तळघराला. बॉयलरचा माणूस आज सकाळी येऊनही गेला असेल.

तुझ्या दवाखान्याला यंदा काही येणार नाही, सुलू. माझ्या बोलण्यामुळे.

बाहेर पार्किंगमध्ये श्रीरामभाऊंनी मला गाठलं. "वसुधाताई, मंडळाची पोझिशन किती ऑकवर्ड केलीत तुम्ही! आपल्याच माणसांच्या पोटावर पाय दिलात, तोही स्वतःच्या बहिणीच्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी उलट बोलले नाही. गाडीत तुझे भावोजी एवढंच म्हणाले, "घरातलं सगळं चव्हाट्यावर आणलंस." आणि त्यांनी रेडिओवर मॅच लावली. आमचा संघ सपाटून मार खात होता. मग मागच्या सीटवरून विनीता म्हणाली, "सो नाऊ सुलूमावशी ईट्स लास्ट?" हिणवून नाही, खरंच विचारत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

आता तू काय करशील ते मी इथे बसून सांगते. तू हे पत्र दोनदा वाचशील, आईसाठी थोडी रडशील, मग पदर खोचून चर्चला लिहिशील की हरकत नाही, आम्ही भागवून घेऊ, आणि मला लिहिशील की ताई, तू योग्य तेच केलंस. यातलं एक अक्षरही लिहू नकोस. मी योग्य केलं का, मला माहीत नाही. तुझ्या वॉर्डातलं एखादं मूल या उन्हाळ्यात गेलं तर त्यात माझा हात असेल, आणि तो नाही असं मला कुणी समजावू नये, तू तर नाहीच. मला शिव्या दे, वाटलं तर बोलणं टाक. पण ईस्टरला ते पुन्हा एकदा वर्गणी गोळा करतात आणि ती कुणाला द्यायची ते अजून ठरलेलं नाही. काल मी पास्टरना विचारलं, तर ते म्हणाले, तुझ्या बहिणीला काय हवंय ते तिने आम्हाला कधी सांगितलेलंच नाही. म्हणून हे पत्र, सुलू. बाकी सगळं मी फोन लावून रडत सांगू शकले असते. तू त्यांना लिही. टँकर येत नाही ते लिही, एका खाटेवरची दोन मुलं लिही, सुजलेले पाय लिही, दूध ठरत नाही ते लिही. आभार नकोत, कल्याण नको, समाधान तर मुळीच नको. आम्हाला भूक लागली आहे, आम्हाला द्या, एवढं स्वच्छ इंग्रजीत लिही आणि खाली सही कर. आपल्या घरातल्या कुठल्याही बाईने हे वाक्य आजवर मोठ्याने म्हटलेलं नाही. तू म्हण.

तुझीच,
वसुताई